आनेकलच्या कुंडातला भात

माझं तोंड वाईट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. बेळगावात आमच्या घरी सगळेच तसे बोलायचे, त्यामुळे लग्न होईपर्यंत मला ते कळलंच नव्हतं. लग्न होऊन बेंगळूरला आले, बनशंकरीतल्या दोन खोल्यांत, आणि नवरा निघाला रत्नागिरीकडचा, दिवसाला मोजून चाळीस शब्द बोलणारा. त्या शांततेत माझं बोलणं जास्तच ऐकू यायला लागलं.

त्याच तोंडाने मी एका बुधवारी सकाळी सासऱ्यांना म्हटलं, "एवढं असेल तर जा ना तुमच्या कुंडाकडे." संध्याकाळी शाळेतून घरी येते, तर मामंजींनी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचं कोल्हापूरच्या बसचं तिकीट काढून आणलेलं. भाषा येत नसताना, दोन बस बदलून, स्वतः मॅजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत जाऊन. तिकीट देवाच्या फळीवर नारळाखाली ठेवलं होतं, आणि स्वतः खुर्चीत बसून पेपर वाचत होते. पेपर आठवड्यापूर्वीचा होता.

हे कुंड म्हणजे काय ते सांगायला हवं. त्यांच्या गावात डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून गरम पाणी येतं. तिकडे त्याला उन्हाळं म्हणतात. मामंजी एस.टी.त कंडक्टर होते, पस्तीस वर्षं, आणि दर रविवारी सकाळी त्या कुंडात उतरायचं हा त्यांचा नेम. त्याची एक रीतही होती. आधी नारळ, मग मूठभर तांदूळ पंच्याच्या टोकाला बांधून पाण्यात सोडायचे, मग आंघोळ. आंघोळ आटपली की पुरचुंडी सोडून तो भात बरोबर आलेल्या सगळ्यांनी खायचा. शिजला असो नसो. जो खाणार नाही त्याची आंघोळ देवाला पोचली नाही, असं समजत. देव कुठला, ते मी बऱ्याचदा विचारलं. ते म्हणायचे, गरम पाणी देतो तो.

सासूबाई गेल्यावर ते तिथे एकटेच राहत होते. त्या वर्षी श्रावणात मागच्या दारी पाय घसरून पडले. तिन्हीसांजेला पडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली तोवर तिथेच, पावसात. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघे गेले ते गेलेच. नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. तेव्हापासून चार महिने ते आमच्या पुढच्या खोलीत होते, आणि चार महिन्यांत त्यांनी कन्नडचा एकही शब्द तोंडात येऊ दिला नव्हता. दुकानदार, रिक्षावाला, खालची घरमालकीण अक्का, सगळ्यांशी मराठीत. अक्का ताक देताना "स्वल्प?" म्हणजे थोडं का, असं विचारायची, तरी हे "थोडं" म्हणूनच भांडं पुढे करायचे. परत जायचंय तर शिकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

आमच्या न्हाणीघरात गीझर होता, म्हणजे भिंतीवर बसवलेली पांढरी टाकी. त्या टाकीशी मामंजींचं वैर होतं. रोज सकाळी पावणेसातला, मी डबे भरत असताना, ते आंघोळ करून यायचे आणि म्हणायचे, "मेलेलं पाणी." रोज. पाणी जमिनीतून गरम आलं तर जिवंत, तारेने तापवलं तर मेलेलं, असं त्यांचं शास्त्र. त्या बुधवारी वीज गेली होती, टाकी थंड, मी त्यांच्यासाठी स्टोव्हवर पातेलं तापवलं, हात भाजून घेतला, आणि तरी ते बाहेर येऊन म्हणाले, मेलेलं पाणी. मग माझं ते वाक्य.

माफी मागायची पद्धत आमच्या माहेरी नव्हती. भांडण झालं की दुसऱ्या दिवशी तूप जास्त वाढायचं, एवढंच. मी तीन दिवस तूप वाढलं. मामंजींनी तीन दिवस ते बोटाने ताटाच्या कडेला सारलं. मला सरळ सांगायला हरकत नाही, मला भीती वाटत होती. हा माणूस त्या घरात पुन्हा पडणार, ह्या खेपेला दूधवाली उशिरा येणार, आणि मग माझं ते वाक्य जन्मभर माझ्याच कानात वाजत राहणार. नवरा काही बोलला नाही. त्याचे त्या दिवसाचे चाळीस संपले असावेत.

शनिवारी संध्याकाळी नागपूरकर आला. हा नवऱ्याच्या ऑफिसातला मुलगा, कॉम्प्युटरवाला, राजाजीनगरात तिघाचौघांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि शनिवार-रविवारी आमच्याकडे जेवायचा. त्यानेच आम्हाला एक कॅलेंडर दिलं होतं. त्यांच्या कंपनीला कुठल्याशा अमेरिकन गिऱ्हाइकाने पाठवलेलं, तिकडच्या एका राष्ट्रीय उद्यानाचं. बारा महिने, बारा चित्रं. कुठे जमिनीतून ताडमाड उसळणारं उकळतं पाणी, कुठे हिरवी-निळी-पिवळी वाफाळती तळी. आमच्या घरात मामंजींना पसंत पडलेली ही एकच वस्तू. त्यांनी ते स्वयंपाकघरातून काढून देवाच्या फळीशेजारी टांगलं होतं, आणि पूजा झाली की गंधाचं उरलेलं बोट त्या महिन्याच्या चित्राला लावायचे. सप्टेंबरच्या कारंज्याला तर इतकं गंध लागलं होतं की पाणी दिसेनासं झालं. मी एकदा म्हटलं, "मामंजी, तो अमेरिकेचा देव. त्याला आपलं गंध काय कळणार?" तर म्हणाले, "गरम पाण्याला सगळं कळतं."

नागपूरकराने नारळाखालचं तिकीट पाहिलं, माझं तोंड पाहिलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं.

"काका, कुंडासाठी एवढ्या दूर कायले जाता?" तो म्हणाला. "इथंच आहे ना. मी पाहिलं ना. आनेकलच्या मागं, बन्नेरघट्ट्याचं जंगल संपते ना, तिथं. मोटरसायकलवर गेलो होतो. दगडातून वाफ निघून राहिली होती."

मामंजींनी पेपर खाली ठेवला. "वास?"

"वास तर भयानक होता, काका. सडक्या अंड्यासारखा."

मामंजी उभे राहिले. गुडघे धरून, पण उभे राहिले. गंधकाच्या पाण्याला वास येतोच, त्यांच्या गावच्या कुंडालाही येतो, हे आम्ही चार महिने ऐकत होतो. "उद्या रविवार आहे," ते म्हणाले. "असलं, तर तिकीट रद्द. नसलं, तर गुरुवारी मी जातो, आणि मला परत न्यायला कुणी यायचं नाही." हे ते नागपूरकराला म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते.

रविवारी सकाळी नागपूरकर कुणाची तरी व्हॅन मागून घेऊन आला. डिसेंबर, ढगाळ हवा, बेंगळूरची ती बोचरी थंडी. मामंजी पुढे बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, पंचा, तांदूळ. सगळे चढल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून व्हॅनच्या पत्र्यावर दोनदा थापटलं, तेव्हा कुठे गाडी सुटली. वाटेत तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा हेच. तिसऱ्यांदा तर नागपूरकर इंजिन चालू करून थापेची वाट बघत बसला होता.

आधी बन्नेरघट्ट्याला राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी चौकशी करू, असं मीच म्हटलं. शिक्षिकेला चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही. फाटकावरच्या अण्णांना मी कन्नडमध्ये विचारलं की इथे गरम पाणी कुठे आहे.

"कॅन्टीनमध्ये," ते म्हणाले. "दहा वाजता उघडतं."

मी समजावून सांगितलं, जमिनीतून येणारं, आपोआप गरम असलेलं, आंघोळीचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे पंचा घेऊन उभ्या असलेल्या मामंजींकडे पाहिलं. मग म्हणाले, वाघ आहेत, सिंह आहेत, अस्वलं आहेत, मगरी आहेत. मगरींचं पाणी आहे, पण ते थंड. मामंजींनी विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, पुढे आहे म्हणतो. खोटं बोलायला मी तिथेच सुरुवात केली होती, हे आता लिहिताना लक्षात येतंय.

आनेकलच्या पुढे डांबरी रस्ता संपला. मग तुतीची शेतं लागली, मग एक वस्ती, मग चढ आणि त्याच्यापलीकडे जंगलाचं कुंपण. नागपूरकराने व्हॅन एका वडाखाली लावली आणि नाक वर केलं. नाक वर करायची गरज नव्हती. वास आम्हाला अर्ध्या मैलावरूनच भेटायला आला होता. मी पदर नाकाला लावला. मामंजींनी छाती भरून श्वास घेतला आणि डोळे मिटले.

"तोच," ते म्हणाले.

आणि खरंच होतं हो तिथे. कुंपणाच्या अलीकडे, घाणेरीच्या जाळीखाली, कातळात हौदाएवढा खळगा, आणि त्यात कमरेपेक्षा कमी, चहाच्या रंगाचं पाणी. पाण्यावर वाफ. वर चिंचेची दाट झाडं, आणि जाळीआडच्या दगडाच्या फटीतून पाणी झिरपत होतं. काठाच्या दगडांवर पिवळसर, केसांसारखं काहीतरी चिकटलेलं. मी म्हटलं, हे काय आहे? मामंजी म्हणाले, "शेवाळ. औषधी." नागपूरकर म्हणाला, "कॅलेंडरात असंच पिवळं आहे वहिनी, मे महिन्यात."

एवढ्यात वर कुठेतरी घळघळ झालं आणि त्या फटीतून वाफेसकट पाण्याचा लोंढा उसळून खळग्यात आला. आम्ही तिघं मागे सरलो. मामंजींनी हात जोडले. नागपूरकर हळू आवाजात म्हणाला की हाच तो कॅलेंडरातला गीझर, अमेरिकेत लोक ह्याच्यासाठी घड्याळ लावून बसतात. नवऱ्याने खरोखर घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाने पुन्हा लोंढा आला. तेव्हा तर माझाही विश्वास बसला. गणिताची शिक्षिका मी, वेळेवर येणाऱ्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवते.

नारळ फुटला. तांदूळ पंच्याच्या टोकाला बांधून पाण्यात सोडले, पंच्याचं दुसरं टोक मुळीला अडकवलं. मग मामंजी उतरले. त्यांचा चेहरा मी चार महिने रोज बघत होते, पण हा चेहरा मी पाहिला नव्हता. पाणी छातीपर्यंत येईल असे खाली बसले, मान मागे दगडावर टेकली, आणि "आलो," असं म्हणाले. कुणाला, ते माहीत नाही. सासूबाईंना असावं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि कंडक्टर जागा झाला. "चला, पुढे चला. आत जागा आहे." नवरा आणि नागपूरकर चड्ड्यांवर आत उतरले. मी बायकामाणूस म्हणून सुटले, माझ्या वाट्याला फक्त पाय बुडवायचं आलं. पाय बुडवून मी खूप बडबड केली. शाळेतल्या मुख्याध्यापिकांना कसं इथे आणून बुडवायला पाहिजे, अक्काच्या गुडघ्यांना कसं बरं वाटेल, दर रविवारी कसं यायचं. मामंजी ऐकत होते. त्यांनी एकदा हसल्यासारखंही केलं.

मग मला जरा आडोसा हवा होता. बायकांना सगळीकडे आडोसा शोधावा लागतो, देवाच्या दारातही. मी चिंचांच्या बाजूने चढ चढले, आणि चढाच्या माथ्यावर पोचले तर समोर एक लांबलचक पत्र्याची शेड. धुराडं. बाहेर तुसाचे ढीग. शेडमध्ये दोन्ही बाजूंना ओळीने चुली, चुलींवर कढया, कढयांत उकळत्या पाण्यात पिवळे कोष, आणि प्रत्येक कढईशी एक बाई, रहाटावर रेशीम ओढत. खाली आला होता तोच वास इथे इतका होता की डोळ्यांना पाणी आलं. रेशमाचा धागा उलगडला की कोषातला उकडलेला किडा उरतो. ते किडे टोपल्यांत भरून ठेवले होते.

दाराजवळची बाई माझ्याकडे बघून हसायला लागली. मग तिच्या पलीकडची. मग पूर्ण ओळ.

"अक्का," ती कन्नडमध्ये म्हणाली, "ते खालचे तिघं तुमचेच का?"

मी म्हटलं, माझेच.

"आमच्या कढयांच्या पाण्यात का बसलेत? आंघोळ करायची तर इथे या, स्वच्छ पाणी तापवून देते."

मी विचारलं, पाणी तिकडे कसं जातं. तिने शेडच्या टोकाशी असलेलं गटार दाखवलं. गटार पुढे दगडात शिरत होतं. अर्ध्या अर्ध्या तासाने ह्या सगळ्या कढया उपसतात, घाण पाणी तिथून खाली सोडतात. तेवढ्यात मुकादमाने हाक दिली आणि माझ्यासमोर त्यांनी अमेरिकेचा गीझर सोडला. खालून नागपूरकराचा आनंदाचा आवाज आला. बायका पुन्हा हसल्या.

"त्याने काही होईल का त्यांना?" मी विचारलं.

तिने आपले हात पुढे केले. पांढरे, सुरकुतलेले, बोटांच्या टोकांची सालं गेलेली. "आमचे वर्षानुवर्षं त्यात आहेत," ती म्हणाली. "एका दिवसात काय होतंय? घरी जाऊन दोनदा साबण लावायला सांगा. वास दोन दिवस राहील." मग खाली बघून, "म्हाताऱ्या अप्पांना मात्र किती बरं वाटतंय. आम्ही मघापासून बघतोय."

मी चढ उतरायला लागले तेव्हा माझ्या तोंडात सगळं तयार होतं. नागपूरकराला काय म्हणायचं, नवऱ्याला काय म्हणायचं, आणि मामंजींच्या जिवंत पाण्याबद्दल काय म्हणायचं. असं आयतं हातात आलेलं बोलणं मी आयुष्यात सोडलेलं नाही. उतरताना दोनदा मला एकटीलाच हसू आलं.

खाली मामंजी पाण्याबाहेर येऊन दगडावर उकिडवे बसले होते. उकिडवे. चार महिन्यांत त्यांना मी पलंग-खुर्चीखेरीज कुठे बसलेलं पाहिलं नव्हतं. समोर पुरचुंडी.

"ये," ते मला म्हणाले. "तुझीच वाट बघतोय. असलं पाणी हाताशी असेल तर माणूस राहील हो इथे. कायमचा राहील."

माझं तयार बोलणं तोंडातल्या तोंडात राहिलं. सांगितलं तर गुरुवार, बस, ते मागचं दार. नाही सांगितलं तर हा म्हातारा माणूस दर रविवारी किड्यांच्या पाण्यात बसणार. ह्यातलं कमी वाईट कुठलं हे ठरवायला मला फार वेळ नव्हता, कारण मामंजी पुरचुंडी सोडत होते. आमच्याकडे पाठ करून, वाकून, बराच वेळ ते तिच्यात बोटं घालून काहीतरी निवडत होते.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"गाठ सैल बसली होती. कचरा गेलाय," मामंजी म्हणाले. मग वळून त्यांनी एकेकाच्या हातावर भात दिला. आधी नागपूरकराला, मग मुलाला, मग स्वतःला, आणि शेवटी मला. तपकिरी, अर्धाकच्चा, कोमट भात.

नागपूरकराने एका घासात संपवला. सावजी रश्शावर वाढलेला मुलगा तो, त्याला कशाचं काही नव्हतं. चावता चावता म्हणाला, "काका, ह्यात हरभरे पण टाकले काय तुम्ही?"

"खा," मामंजी म्हणाले.

नवऱ्याने खाल्ला. मामंजींनी स्वतःचा खाल्ला, सावकाश, माझ्याकडे बघत. राहिले मी. घरात भाजीत अळी निघाली तर पूर्ण भाजी फेकणारी मी. वडापासून जिने नाकावरचा पदर काढला नाही ती मी. मी तो घास तोंडात टाकला, चावला आणि गिळला. चव सांगत नाही. तुम्हाला अजून जेवायचं असेल.

परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. नागपूरकर राजाजीनगरला गेला, नवरा अंग पुसून सरळ झोपला, आणि मामंजी न्हाणीघरात शिरले. गीझरचा लाल दिवा लागला. पाऊण तास आतून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगाला कपडे धुवायच्या साबणाचा वास होता.

मी चहा टाकला होता. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"वर काय आहे गो?"

"कुठे वर?"

"चिंचांच्या वर. तू गेलेलीस तिथे."

मी गाळणीतली पत्ती ठोकत राहिले.

"पस्तीस वर्षं कंडक्टर होतो," ते म्हणाले. "तिकीट न काढलेला माणूस मला तोंडावरून कळतो. तू वर गेलीस ती बडबडत गेलीस, उतरलीस ती मुकी. मी म्हटलं, हिने काहीतरी बघितलं. मग पुरचुंडी सोडली तर आत किडे. रेशमाचे ना?"

मी मान हलवली. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस काय ते बघत होतो. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. एवढं हाताशी आलेलं ही सोडणार नाही. आणि तुला मी नको असेन, तर बोलशीलच. तेवढ्यावर गुरुवारी मोकळा झालो असतो. तू पण मोकळी." त्यांनी दाराच्या चौकटीवर हात टेकला. "त्या बुधवारपासनं मला वाटत होतं, तुला मी नकोय."

"नव्हतं तसं," मी म्हटलं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "माझं तोंडच वाईट आहे, मामंजी. मी तुम्हाला जा म्हटलं, पण तुम्ही जाऊ नका. तिथे तुम्ही पडाल आणि इथे मी मरेन."

"तोंडाचं मी आज बघितलं," ते म्हणाले. "तुझ्या घासातले दोन्ही किडे मी काढले होते. त्या दोघांचे नाही काढले. वेळ नव्हता."

मी रडता रडता इतकी हसले की नवरा जागा होऊन काय झालं म्हणून विचारायला आला. मामंजींनी त्याला काही सांगितलं नाही, मीही नाही. त्याला अजून माहीत नाही. हे छापून आलं की कळेल. मामंजींनी फक्त नारळाखालचं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि उद्या रद्द करून ये म्हणून सांगितलं. मग मला म्हणाले, "ती टाकी परत लाव. वास अजून गेलेला नाही."

त्या संध्याकाळी भात कुणीच मागितला नाही. मी पोळ्या केल्या आणि मामंजींच्या पोळीवर तूप वाढलं. त्यांनी ते बोटाने पोळीभर पसरवलं, ताट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "स्वल्प आणखी."